आजीची जागा, नातीची वास्तू

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की पहिले वाक्य आपल्याला पाठ असते. अमुक साली अमुक गृहस्थांनी आपली जागा संस्थेला दिली, मग कोनशिला बसली, मग उद्घाटन झाले. ढाका शहराच्या उत्तर टोकाला, उत्तरा उपनगराजवळ, फैदाबाद नावाची दाट वस्ती आहे. तिथल्या बैत उर रऊफ मशिदीचा इतिहासही जागेच्या दानापासूनच सुरू होतो. जागा दिली सुफिया खातून या वृद्ध बाईंनी, २००५ साली. पुढच्या ओळीपासून मात्र हा इतिहास वेगळी वाट धरतो. मशिदीचा आराखडा केला त्यांच्या नातीने, मरीना तबस्सुम यांनी. पैसे जमवले नातीनेच. मालकाच्या जागी उभे राहून निर्णय घेतले तेही तिने, आणि बांधकाम करवून घेतले तेही तिने. एरवी ही कामे चार वेगळी माणसे किंवा चार समित्या वाटून घेतात. इथे ती एकाच बाईवर येऊन पडली आणि तिने ती पार पाडली.

यंदाची आपली स्मरणिका विटेच्या बांधकामाला वाहिलेली आहे. संपादकांनी मला सांगितले, विटेत उभ्या राहिलेल्या एका संस्थेचा इतिहास लिहा, देश कोणताही चालेल. मी ही मशीद निवडली. हिचे आराखडे, छेद आणि छायाचित्रे मी गेली काही वर्षे विद्यार्थ्यांसमोर मांडत आलो आहे, आणि आपल्या उपखंडात या शतकात विटेने बांधलेल्या वास्तूंपैकी इतके शिकवणारी दुसरी मला दिसलेली नाही. ढाका आपल्याला तसे परकेही नाही. तोच उन्हाळा, तोच धो धो पाऊस, तीच भट्टीची वीट. तिथली वाट दाखवली गेली की ती आपल्या गावातही चालते.

सुफिया खातून यांच्याबद्दल सार्वजनिक नोंदीत फार काही सापडत नाही. जे आहे ते एवढेच, की आयुष्य कष्टात गेले, दोन मुली त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि त्यानंतर त्यांनी आपल्या जमिनीतला एक तुकडा मशिदीसाठी द्यायचे ठरवले. आराखडा नातीनेच करावा अशी त्यांची इच्छा होती. आजीने सांगितले आणि नातीने ऐकले. तिथे ना निविदा निघाली, ना स्पर्धा झाली.

नात तेव्हा नवखी नव्हती. ढाक्याच्या बांगलादेश अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन १९९५ साली मरीना तबस्सुम यांनी काशेफ महबूब चौधुरी यांच्यासोबत 'अर्बाना' हे कार्यालय सुरू केले होते. १९९७ मध्ये सुहरावर्दी उद्यानातल्या स्वातंत्र्यस्मारकाची राष्ट्रीय स्पर्धा या दोघांनी जिंकली. ज्या मैदानावर १९७१ साली पाकिस्तानी फौजेने शरणागतीच्या कागदावर सही केली, त्या मैदानावरचे हे स्मारक. २००५ साली त्यांनी स्वतःच्या नावाचे स्वतंत्र कार्यालय थाटले, आणि त्याच वर्षी आजीने मशिदीचे काम हाती दिले. सरकारी स्मारकाच्या पाठोपाठ गल्लीतली मशीद. कामाचे मोठेपण आकाराने मोजणाऱ्याला ही उतरण वाटेल. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा योग वाटतो.

जागेवर आधी एक तात्पुरती शेड उभी राहिली आणि तिथे नमाज सुरू झाली. पक्के बांधकाम सुरू होण्याआधीच आजी गेल्या. संस्थेच्या आयुष्यात देणगीदाराच्या मृत्यूनंतरचा काळ सर्वांत अवघड असतो, हे आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची इमारत उभी करताना पावतीपुस्तक हातात घेतले आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या शब्दावर लोक पुढे येणार ते माणूसच नसते. कागदावर जागा असते, खात्यात पैसा नसतो. काम २००७ साली सुरू झाले आणि २०१२ मध्ये पुरे झाले. साडेसातशे चौरस मीटरच्या आसपासच्या मशिदीला पाच वर्षे लागली, कारण पैसा वस्तीतून आणि ओळखीतून, वर्गणी येईल तसा येत होता. सगळा खर्च दीड लाख अमेरिकन डॉलरच्या घरात गेला.

बायकांनी जागा द्यावी, देऊळ, घाट, मशीद, धर्मशाळा बांधून द्यावी, ही आपल्याकडे जुनी रीत. अहिल्याबाईंचे घाट आपण रोज वापरतो. भोपाळची ताज-उल-मसाजिद शाहजहान बेगमनी सुरू केली. पैशाअभावी काम थांबले आणि ती मशीद पुरी व्हायला १९८५ साल उजाडले. पण दान बाईचे आणि आराखडाही बाईचा, असा योग दुर्मीळ. त्यातही बांगलादेशातल्या मशिदींमध्ये बायकांनी जाऊन नमाज पढण्याची सर्वसाधारण प्रथा नाही. जिथे आपल्याला रोज उभे राहायला मिळणार नाही अशी जागा एका बाईने दुसऱ्या बाईच्या इच्छेसाठी सात वर्षे जिवापाड जपून घडवली. या इतिहासातली मला सर्वांत हलवून जाणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कोणत्याही आराखड्यात दिसत नाही.

आता आराखड्याकडे येऊ.

जागा वेडीवाकडी होती. तीत बसणारा चांगला मोठा चौरस आखला, तर त्याची दिशा जमिनीने ठरवून दिलेली, आणि नमाजाची दिशा मक्केने ठरवून दिलेली. दोन्हींमध्ये तेरा अंशांचा फरक. मशिदीत किब्ल्याशी, म्हणजे नमाजाच्या या दिशेशी, तडजोड होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी शहरी मशिदींत आत गेले की गालिच्यावरच्या रांगांच्या रेघा भिंतीला तिरक्या दिसतात. इमारत रस्त्याच्या सोयीने उभी राहते आणि माणसे किब्ल्याच्या दिशेने उभी राहतात, म्हणून कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे वाया जातात. हा तोडगा वाईट नाही, लोक त्यात पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने नमाज पढत आले आहेत. पण तो तोडगाच राहतो, वास्तू त्यात काही बोलत नाही.

मरीना तबस्सुम यांनी काय केले ते मी विद्यार्थ्यांकडून कागदावर काढून घेतो, कारण शब्दांत सांगून ते कळत नाही. बोर्डावर कागद ताणून लावायचा. आधी एक चौरस काढायचा, ही बाहेरची विटेची भिंत, जमिनीच्या दिशेने. मग कंपासने त्याच्या आत एक वर्तुळ. इथे जवळजवळ प्रत्येक मुलगा, मुलगी कंपासचे टोक चौरसाच्या बरोबर मध्यावर रोवते. मी म्हणतो, थोडे वायव्येला सरकव. का, हे लगेच सांगत नाही. मग वर्तुळाच्या आत दुसरा चौरस, पण कोनमापक ठेवून, पहिल्या चौरसाशी तेरा अंशांत वळवलेला. हे नमाजाचे दालन, अगदी किब्ल्याच्या दिशेने. आणि मग वर्गात दरवेळी तोच क्षण येतो. वर्तुळ पुसून बघ म्हटले, की दोन चौरस एकमेकांना टोचत असलेले दिसतात, एक सरळ, एक कललेला, जणू कुणाची तरी मोजणीत चूक झाली आहे. वर्तुळ परत काढले की चूक नाहीशी होते. वर्तुळाला दिशाच नसते. ते बाहेरच्या चौरसाचेही ऐकते आणि आतल्याचेही. बाहेरून येणारा माणूस रस्त्याच्या दिशेने आत शिरतो, गोल भिंतीच्या कडेने जातो, आणि आतल्या दालनात पोहोचतो तोवर त्याचे तोंड नकळत मक्केकडे वळलेले असते. कुणी त्याला वळवले, हे त्याला समजतही नाही.

वायव्येला सरकवण्याचे कारण यानंतर कळते. वर्तुळ एका कोपऱ्याकडे ढकलल्यामुळे उरलेल्या दोन बाजूंना जागा रुंदावते. त्या रुंदीत एका बाजूला खांबांचा ओटा बसतो आणि दुसऱ्या बाजूला वजूची जागा. हातपाय धुण्याची, चपला ठेवण्याची, दोन मिनिटे टेकण्याची सोय कुठेतरी मागून चिकटवलेली नाही, ती भूमितीतच निघाली. असा आराखडा पाहिला की माझ्यासारख्या माणसाला दिवसभर बरे वाटत राहते.

आतल्या दालनाचे छत परिघावरच्या आठ खांबांवर तोललेले आहे. मध्ये एकही खांब नाही. याला मशिदीत फार अर्थ आहे. नमाजाला माणसे खांद्याला खांदा लावून रांगेत, जिला सफ म्हणतात, उभी राहतात. मध्ये खांब आला की रांग तुटते. श्रीमंत आणि गरीब, रिक्षावाला आणि डॉक्टर एका ओळीत उभे राहावेत ही या प्रार्थनेची रचनाच आहे, आणि अखंड दालन तिला साथ देते. बाहेरची विटेची भिंत स्वतःचा भार स्वतः पेलते, आतले दालन काँक्रीटच्या सांगाड्यावर उभे आहे. आतला चौरस आणि गोल भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंना धनुष्याच्या आकाराच्या मोकळ्या फटी राहतात. त्या वरून उघड्या आहेत. त्यातून उजेड भिंतीवरून ओघळत खाली येतो आणि गरम हवा वर निघून जाते.

विटेबद्दल थोडे तपशिलाने लिहितो, कारण ही स्मरणिका तिचीच आहे. या मशिदीच्या भिंतींना गिलावा नाही. वीट जशी भट्टीतून आली तशी दिसते. ज्याने कधी उघड्या विटेचे काम करून घेतले आहे त्याला यातला धोका ठाऊक आहे. भट्टीतली वीट कधी एका मापाची नसते. कुठे कोपरा उडालेला, कुठे पोट फुगलेले, एक चांगली भाजलेली तर दुसरी फिकी. गिलाव्याखाली हे सगळे झाकले जाते आणि गवंड्याचा हलगर्जीपणाही झाकला जातो. उघड्या कामात प्रत्येक थर ओळंब्यात, प्रत्येक दर्ज सारख्या जाडीची, आणि संध्याकाळी काम थांबवताना सांडलेला चुना-सिमेंट विटेच्या तोंडावरून पुसून काढलेला हवा. त्यात जाळी करायची म्हणजे कसोटीच. जाळीत विटा एकमेकींपासून अंतर राखून रचतात. प्रत्येक विटेला टेकू कमी मिळतो, दोन्ही बाजूंनी तिचे तोंड दिसते, आणि एका थरात बोटभर चूक झाली की ती वरपर्यंत चढत जाते. इथे अशा जाळ्यांतून वारा आत येतो आणि दालन थंड ठेवतो. भिंत श्वास घेते असे आपण सहज म्हणून टाकतो. इथे ते अक्षरशः खरे आहे.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. आमच्या भागात एका जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात मी सल्लागार होतो. घडीव दगडाचे सुंदर देऊळ. पैसे जमले, भरपूर जमले, आणि त्या पैशांनी काळ्या दगडावर तैलरंग चढला, सभामंडपाला चकचकीत फरशी आली, कुठल्यातरी प्रसिद्ध देवळाची नक्कल करून सिमेंटचे शिखर उभे राहिले. मी विरोध केला, पण पुरेशा जोराने केला नाही, हे मनाला लागून राहिले आहे. माणसे वाईट नव्हती. त्यांना देवाला आपल्याकडचे उत्तम ते द्यायचे होते, आणि उत्तम म्हणजे महाग एवढेच त्यांना कुणी शिकवले होते. गरिबीचे गोडवे मला गायचे नाहीत. ढाक्यात पैसा मुबलक असता तरी ही बाई संगमरवराच्या मागे लागली असती असे मला वाटत नाही. मात्र हात आखडता असल्यामुळे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे तिथे फार लवकर ठरले, आणि ठरल्यावर त्यात भेसळ झाली नाही.

आणि मग उजेड. छताच्या काँक्रीटमध्ये लहान लहान गोल छिद्रे आहेत, ओळीत नव्हे, आभाळात चांदण्या विखुराव्यात तशी. दिवसा त्यांतून उन्हाचे गोल ठिपके जमिनीवर पडतात आणि सूर्याबरोबर सरकत राहतात. दिवसाच्या नमाजाला वेगळा दिवा लावण्याची गरज पडत नाही. ठिपके कुठे आले ते पाहिले की वेळ कळते. पाच वेळांचे वेळापत्रक ज्या धर्मात सूर्याच्या जागेवरून ठरते, तिथे छतानेच सूर्याची जागा जमिनीवर मांडून दाखवावी, हे मला फार नेमके वाटते.

किब्ल्याच्या भिंतीत मिहराब म्हणून कोरीव कोनाडा नाही. भिंतीत एक उभी फट आहे, एवढेच. पण ती साधी फट नाही. तिच्या कडेच्या विटा तिरक्या लावल्या आहेत. त्यामुळे बाहेरचा उजेड भिंतीवर आपटून आत परततो, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस, सायकल, कुत्रे मात्र आतून दिसत नाही. दाट वस्तीत नमाजाच्या वेळी समोर रहदारी दिसली तर मन ठिकाणावर राहणार नाही. म्हणून उजेड तेवढा आत घेतला आणि रस्ता बाहेर ठेवला. रचणाऱ्याने तिथे स्वतःला नमाजी समजून उभे राहून पाहिले असल्याखेरीज विटेचा कोन असा ठरत नाही.

या मशिदीला घुमट नाही, मिनार नाही. असे का, हा प्रश्न पाहणारा हमखास विचारतो, आणि तो विचारण्यात काही गैर नाही. पण उत्तरासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते. मदिनेतली पैगंबरांची पहिली मशीद म्हणजे घराला लागून असलेले एक अंगण होते. खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्यांचे छप्पर. तिथे नमाज होत असे, तंटे मिटत, पाहुणे उतरत. मिनार पुढच्या काही पिढ्यांत आले. बंगालमध्ये सुलतानांच्या काळात जी मशीद घडली तिला अजानचा उंच मिनार सहसा नसेच. गाळाच्या त्या प्रदेशात दगड मिळत नाही, म्हणून सगळे विटेत. बागेरहाटची साठ घुमटांची मशीद पंधराव्या शतकात खान जहानने बांधली. नावात साठ असले तरी छतावर प्रत्यक्षात ७७ घुमट आहेत, आणि आत खांबांचे रान. जाड भिंती, कमी उंची, पावसाचे पाणी झरझर उतरावे म्हणून बांबूच्या झोपडीसारखी वाकवलेली कॉर्निस. सुलतान आले बाहेरून, पण त्यांची मशीद बंगालच्या मातीने आणि पावसाने घडवली. फैदाबादच्या मशिदीने त्या परंपरेतून घुमट घेतला नाही. वीट घेतली, सावली घेतली, भिंतीतून खेळणारा वारा घेतला. हे उसने घेणे मला नकलेपेक्षा अधिक निष्ठेचे वाटते.

घुमट-मिनार हवेत की नकोत, हा वाद विसाव्या शतकात बऱ्याच देशांत झाला. तुर्कस्तानच्या अंकारा शहरात कोजातेपे मशिदीसाठी १९५७ साली वेदात दालोकाय यांचा आधुनिक आराखडा स्पर्धेत निवडला गेला. काम सुरूही झाले, पण पुढे तो आराखडा सोडून देण्यात आला आणि त्या जागी जुन्या उस्मानी मशिदींच्या धर्तीची भव्य मशीद उभी राहिली. त्याच दालोकाय यांनी पुढे इस्लामाबादच्या फैसल मशिदीची स्पर्धा जिंकली. घुमट नसलेली, तंबूच्या आकाराची ती मशीद १९८६ मध्ये पुरी झाली. म्हणजे एका राजधानीने जे नाकारले त्याच धाडसाला दुसऱ्या राजधानीने जागा दिली. जकार्ताच्या राष्ट्रीय मशिदीचा, इस्तिकलालचा, आराखडा फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाचा आहे. या सगळ्या सरकारी, अवाढव्य वास्तू. फैदाबादची मशीद त्यांच्यापुढे एका मोहल्ल्याची, आणि म्हणूनच तिचा धडा आपल्या जास्त उपयोगाचा.

ढाक्यात तिचे पूर्वजही जवळच आहेत. मजहरुल इस्लाम यांनी १९५०च्या दशकात उभारलेली ढाक्याची कलाशाळा, उघड्या विटेची, झाडांमधून वारा खेळवणारी, ही त्या देशातल्या आधुनिक वास्तुकलेची सुरुवात मानली जाते. संसद भवनाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ते अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांना द्यावे म्हणून सुचवले. आपल्या वाटणीचे एवढे मोठे काम दुसऱ्याच्या हाती देणारा वास्तुविशारद मला दुसरा माहीत नाही. कान यांच्या त्या संसद भवनातही नमाजाचे दालन मुख्य इमारतीच्या अक्षापासून किब्ल्याकडे किंचित वळलेले आहे. वळलेल्या दालनाची ही गोष्ट ढाक्याला तिथूनच ओळखीची. मजहरुल इस्लाम जुलै २०१२ मध्ये वारले, ज्या वर्षी ही मशीद पुरी झाली त्याच वर्षी.

२०१६ साली बैत उर रऊफला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या सहा मानकऱ्यांपैकी दोन बांगलादेशातले. दुसरे काम गायबांधा इथल्या फ्रेंडशिप सेंटरचे, काशेफ महबूब चौधुरी यांचे. एकेकाळी एकाच कार्यालयात बसलेल्या दोघांना एकाच वर्षी हा मान मिळाला, आणि दोन्ही कामे विटेची. मरीना तबस्सुम यांना पुढे २०२१ साली लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयाचे पदक मिळाले. नदीच्या वाळूच्या बेटांवर राहणाऱ्या, वारंवार घर हलवावे लागणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी बांबूची सुटी करून नेता येणारी घरे केली, 'खुदी बारी' नावाची, म्हणजे इवलेसे घर. त्या कामाला २०२५ साली पुन्हा आगाखान पुरस्कार मिळाला.

हाच पुरस्कार महाराष्ट्रातल्या एका वास्तूलाही मिळालेला आहे, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या लासूर इथे पेर ख्रिस्तियन ब्रिन्यिल्डसेन आणि यान ओलाव येन्सेन या दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी १९८०च्या दशकात कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय बांधले. दगडी भिंती, कमानीची छते आणि सगळ्या खोल्यांना कवेत घेणारा मोठा चौक. त्याला १९९८ साली हा पुरस्कार मिळाला. मंदिर-मशिदीचा तिथे संबंध नव्हता; समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांना मानाने राहता येईल अशी सावलीची जागा द्यायची होती. आगाखान पुरस्काराने मशीद आणि रुग्णालय एकाच मापाने मोजले, हे मला योग्य वाटते.

बैत उर रऊफ मशीद उंच जोत्यावर उभी आहे. या भागात पाणी साचते, त्यापासून रक्षण म्हणून जोते घेतले. पण जोत्याने दुसरेही काम केले. दाट वस्तीत पाय मोकळे करायला जागा नाही, म्हणून मुले दिवसभर तिथे खेळतात. म्हातारी माणसे अजानची वाट पाहत पायऱ्यांवर, ओट्यावर गप्पा मारत बसतात. आपल्याकडे गावात पार असतो तसा हा मशिदीचा पार झाला. रऊफ म्हणजे करुणामय, अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक. बैत म्हणजे घर. मदिनेच्या त्या पहिल्या अंगणात जे चालत असे त्यातले पुष्कळसे या जोत्यावर चालते.

ज्या संस्थांच्या इमारतीचे काम येत्या काळात निघणार आहे त्यांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. देऊळ असो, मशीद असो, वाचनालय असो, आराखडा मंजूर करण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि एका कागदावर चौरस, वर्तुळ आणि तेरा अंशांनी वळलेला चौरस स्वतःच्या हाताने काढून पाहा. कंपास आणि कोनमापक घरातल्या शाळकरी मुलाकडे मिळेल. वर्तुळ वायव्येला सरकवायला विसरू नका.